जादा सोयींचे मोल

संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाची काशी मानल्या जाणाऱ्या वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे रामनवमीच्या यात्रेस जो अफाट जनसमुदाय लोटतो, त्यात चुकामूक झालेल्या आप्तांची गाठ घालून देणारा मोबाईल ही आता चैन नसून निकड आहे. तथापि त्यातील प्रत्येक जादा सोयीसाठी पदरचे द्रव्य वेचावे काय, याचा निर्णय घरचा जमाखर्च पाहूनच करावा. चैत्राच्या उन्हात दिवसभर टिकणारी बॅटरी शेतकऱ्यास खचित उपयुक्त. तसाच ‘आयपी ६७’ हा दर्जाही, कारण त्यातील ६ हा अंक धुळीपासून पूर्ण बचाव, तर ७ हा अंक १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची क्षमता दर्शवितो. ५जी सेवा देशात २०२२ साली सुरू झाली असली, तरी ती आपल्या तांड्यावर मिळते की नाही याची खातरजमा केल्यावाचून तिच्यासाठी अधिक दाम मोजणे व्यर्थ होय. साध्या फोनवरूनही ‘यूपीआय १२३पे’द्वारे रक्कम पाठविता येते आणि संकटसमयी ११२ क्रमांक लावता येतो. म्हणून जिच्यावाचून आपले काम प्रत्यक्ष अडते, त्या सोयीलाच मोल द्यावे. पावती जपून ठेवावी, आणि फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर निःसंकोच तक्रार गुदरावी.