पंचाहत्तर रुपयांचा रँग्लर

(विदर्भातील गणित शिक्षकांच्या चिखलदरा येथील निवासी वर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गणित शिकविणाऱ्यांच्या वर्गात एका पत्रकाराने, त्यातही कलाशाखेच्या पदवीधराने बोलावे, ही संयोजकांची कल्पना धाडसाचीच म्हटली पाहिजे. गणित मी तुम्हाला काय सांगणार? परंतु गणित शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाची कथा सांगण्याचा थोडाफार अधिकार पत्रकाराला असावा, एवढ्याच आधारावर मी उभा आहे.

मी रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याविषयी बोलणार आहे. हे नाव ऐकताच आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल, याची मला कल्पना आहे. त्या विषयाकडे मी येणारच आहे.

परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, दापोलीजवळच्या मुर्डी गावचा. या बुद्धिमान मुलाला कोकणातून बाहेर काढून स्वतःच्या बिऱ्हाडी मुंबईत ठेवले आणि शिकविले ते धोंडो केशव कर्वे यांनी. ते त्यांचे आजोळच्या नात्यातले. महर्षी कर्वे म्हटले की आपल्याला हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ आठवते. हा माणूस जवळजवळ तेवीस वर्षे गणिताचा प्राध्यापक होता, हे मात्र आपण विसरतो. लहानपणी हेच कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेले होते. तेथे पोचल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. ते परतले आणि पुढे कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले. ज्याने असा नकार पचविला, त्याला होतकरू विद्यार्थ्याची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

१८९० च्या अखेरीस लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. ते फर्ग्युसनमध्ये गणित व संस्कृत शिकवीत. गणिताची ती जागा भरण्यासाठी १८९१ मध्ये गोखल्यांनी आपल्या जुन्या सहाध्यायाला, म्हणजे कर्व्यांना, पुण्यास बोलाविले. परांजपेही शिक्षणासाठी फर्ग्युसनमध्येच आले. तेथे त्यांना आगरकरांसारखे प्राचार्य लाभले. पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर ते १८९६ मध्ये केंब्रिजला गेले.

केंब्रिजच्या गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेत प्रथम श्रेणी मिळविणाऱ्यास रँग्लर म्हणत, आणि त्या श्रेणीत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. तेव्हा सर्वांचे क्रमांक जाहीर होत. ती पद्धत १९०९ नंतर बंद झाली. १८९९ साली हा पहिला क्रमांक परांजपे आणि बर्टविसल नावाचा इंग्रज विद्यार्थी यांना विभागून मिळाला. सीनियर रँग्लर होणारे परांजपे हे पहिले भारतीय. हिंदी माणूस राज्य करण्यास अपात्र आहे, असे ज्या काळात उघडपणे म्हटले जाई, त्या काळातली ही घटना आहे. पुण्यात त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आणि या माणसाने पुढे काय केले? सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या वेतनाची जागा त्यांना सहज मिळाली असती. सेंट जॉन्स कॉलेजने तर त्यांना फेलो म्हणून निवडले होते. परांजपे परत आले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वेतन दरमहा पंचाहत्तर रुपये, आणि वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा. आपल्या परिवारात पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ही आजीव सदस्यांची कल्पना त्याच जातीची, आणि आपल्याआधी कितीतरी वर्षांची. १९०२ साली, सव्विसाव्या वर्षी ते प्राचार्य झाले आणि १९२४ पर्यंत राहिले. प्राचार्य झाल्यावरही गणिताचा वर्ग त्यांनी सोडला नाही. वर्गातून सुटका व्हावी म्हणून पदे मागणारे आजकाल पुष्कळ भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता ती आठी. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. त्यात पुढाकार घेणारा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहत होता. प्राचार्य परांजप्यांनी त्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. लोकांनी वर्गणी करून दंडाची रक्कम जमा केली. टिळकांनी ‘केसरी’तून प्राचार्यांचा कठोर समाचार घेतला. तो योग्यच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. महाविद्यालय सरकारी अनुदानावर चालते, हा प्राचार्यांचा धाक समजू शकतो. पण समजणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. परांजपे राजकारणात नेमस्त होते, धर्माच्या बाबतीत तर बुद्धिवादी, निरीश्वरवादी. त्यांच्या विचारांचा आणि आपला मेळ बसणे शक्य नाही.

मग आज त्यांचे नाव का घ्यायचे? सावरकर बी.ए. झाले ते याच महाविद्यालयातून, म्हणून एक. आणि दुसरे असे की, मतभेदाचा माणूस म्हणून त्याचा त्यागही खोटा ठरविणे हे हिशेबाला धरून नाही. सावरकरांचा भक्त म्हणविणाऱ्याने तर ही कंजुषी मुळीच करू नये. आपल्या वर्तुळात ही कंजुषी होते. मी ती पाहिली आहे.

शिवाय वऱ्हाडचा एक धागा येथे गुंतला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा एक शेतकऱ्याचा मुलगा परांजपे प्राचार्य असतानाच फर्ग्युसनमध्ये शिकत होता. १९२० मध्ये तो इंग्लंडला गेला, वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला आणि अमरावतीला परतला. ते आपले डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेत आपल्यापैकी काहीजण शिकले असतील. पंजाबरावांनी परांजप्यांपासून प्रेरणा घेतली, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. शिकायचे आणि आपल्या माणसांत परत यायचे, ही त्या पिढीतली हवा होती, एवढेच.

त्या हवेचा प्रश्न येथे चिखलदऱ्यात अधिक टोचतो. परतवाड्याहून घाट चढून आपण सगळे आलो. दोन दिवसांनी उतरूनही जाऊ. येथून पुढे सेमाडोहकडे, धारणीकडे गेलात की आश्रमशाळांतल्या कोरकू मुलांच्या घरची भाषा मराठीशी नाते नसलेली, मुंडा कुळातली. त्या मुलाला ‘वजाबाकी’ हा शब्द आधी शिकावा लागतो, मग वजाबाकी. या वर्गासमोर आपण कोणाला उभे करतो? बदली होईपर्यंत दिवस मोजणाऱ्याला, की आपल्यातल्या सर्वोत्तमाला? केंब्रिजात पहिला आलेला माणूस पुण्याच्या वर्गात फळ्यासमोर उभा राहिला, ही गोष्ट मी मेळघाटात सांगतो आहे ती याच कारणासाठी. येथे राहून शिकविणारे काहीजण या सभागृहात बसले आहेत. त्यांच्यासमोर बोलताना माझा आवाज थोडा खालचा लागतो.

जाता जाता एक. फर्ग्युसनमध्ये परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक होते. १९२७ साली ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला मिळाले. हे कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तसेच: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. सुरुवातीला दुसरी संख्या घेतलीत, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथेच पोचाल. देवळालीच्या मास्तरांनी शोधलेला हा अंक आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. त्याला लागते ती फक्त वजाबाकी. धारणीच्या चौथीच्या वर्गातही सोमवारी करून पाहता येईल.