पाकिटावर नाव कुणाचं?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही चेहऱ्यांवर प्रश्नचिन्ह दिसतंय. इंदूरच्या माणसाला पोहे-जिलबी आणि गुमटीवरचा चहा मिळाला की सकाळ झाली. कॉफी आपल्या घरांत व्हायची ती रात्री उशिरा पाहुणे आले तर, किंवा उपासाला. भरपूर दूध, साखर, वेलदोडा आणि वरून किसलेलं जायफळ. जायफळाने झोप येते म्हणतात आणि कॉफीने ती जाते; आपण दोन्ही एकाच कपात घालत आलो आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

आता आपल्या शहरात जागोजागी कॅफे झालेत. तिथल्या पाकिटावर मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, फळं कशी वाळवली ते, सगळं छापलेलं असतं. पाव किलोला पाचशे-सहाशे रुपये. नातवंडं याला ‘सिंगल ओरिजिन’ म्हणतात. आपण वाण्याकडे गहू घेताना ‘सिहोरचा शरबती आहे ना?’ असं विचारतो, हापूस घेताना देवगडचा की कर्नाटकातला ते बघतो, तसंच हे. एकाच मळ्यातली किंवा एकाच भागातली कॉफी, दुसरीकडची न मिसळता. आणि ‘स्पेशालिटी’ म्हणजे जाणकारांनी चव घेऊन शंभरापैकी ऐंशी किंवा जास्त गुण दिलेली.

मग आपल्या देशात एवढी वर्षं कॉफी होत असताना ही नावं आत्ताच का दिसायला लागली? याचं उत्तर कायद्यात आहे. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली तेव्हा मळेवाल्यांना वाचवायला १९४२चा कॉफी कायदा आला. शेतकऱ्याने आपली कॉफी कॉफी बोर्डाकडे जमा करायची, बोर्ड ती प्रतवारीने एकत्र करून लिलावात विकणार. पैसे शेतकऱ्याला हप्त्याहप्त्याने मिळायचे. त्या काळात या व्यवस्थेने अनेकांना तारलं हे खरं. पण अमक्याने पिकलेली फळं निवडून खुडली आणि तमक्याने हिरवी-लाल सगळी ओरबाडली, तरी दोघांची कॉफी एकाच ढिगात जायची. चांगलं करणाऱ्याला चांगलं करण्याचं कारणच उरत नव्हतं. १९९२पासून थोडा हिस्सा बाहेर विकायची मुभा मिळाली आणि १९९६मध्ये पूर्ण मोकळीक. पाकिटावर मळ्याचं नाव येऊ शकलं ते त्यानंतर.

जाता जाता सांगते, देशातली कॉफी हाऊसंही मुळात बोर्डच चालवायचं. पन्नासच्या दशकात ती बंद व्हायला लागली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. आपण तरुणपणी जिथे तासन्‌तास बसलो ते इंडियन कॉफी हाऊस त्याच परंपरेतलं.

माझा या विषयाशी संबंध आला तो सुनेमुळे. ती कोडगूची, सोमवारपेठच्या बाजूची. आमच्या व्याह्यांची सहा एकर कॉफी आहे. आपल्याला मळा म्हटलं की साहेबाचा बंगला डोळ्यांसमोर येतो, पण देशातले बहुतेक कॉफी उत्पादक असे छोटेच आहेत. तिथे गेले तेव्हा मला आधी कॉफी दिसलीच नाही, जंगलच दिसलं. उंच झाडं, त्यांवर मिरीचे वेल आणि त्यांच्या सावलीत खांद्याएवढी कॉफीची झुडपं. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस शिंपडून गेला की पांढरी फुलं येतात, जाईसारखा वास सुटतो. नेमका तो पाऊस चुकला तर वर्ष गेलं. अरेबिकाच्या खोडात एक किडा शिरतो, त्याने पोखरलेलं झाड मुळासकट उपटून टाकावं लागतं. म्हणून पुष्कळांनी अरेबिका सोडून रोबस्टा लावला. व्याही अजून धरून आहेत.

फळं एकदम पिकत नाहीत. नोव्हेंबरच्या सुमारापासून फेब्रुवारीपर्यंत त्याच झाडापाशी तीन-चार वेळा जाऊन फक्त लाल झालेली खुडायची. मग साल काढायची, आंबवायची, धुवायची, उन्हात पसरून सारखी हलवत राहायची. सुमारे सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी मिळते, भाजल्यावर ती आणखी घटते. म्हणजे त्या पाव किलोच्या पाकिटात पावणेदोन किलो फळं आहेत, एकेक करून हाताने खुडलेली. पाचशे रुपयांवर नाक मुरडण्याआधी मी हा हिशेब मांडून बघते.

व्याही सगळी कॉफी अशी करत नाहीत. परवडत नाही. मजुरी वाढते, माणसं मिळत नाहीत, शेवटच्या क्षणी ग्राहकाने पाठ फिरवली तर माल अंगावर पडतो. ते थोडा भाग निगुतीने करून भाजणाऱ्याला थेट देतात, बाकीची वाळवून व्यापाऱ्याला. तो भाव अरेबिकाचा न्यूयॉर्कमध्ये आणि रोबस्टाचा लंडनमध्ये ठरतो. ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला की वर जातो, तिथे भरघोस पिकलं की कोसळतो. २००१च्या सुमारास तो इतका पडला की तोडणीचा खर्चही निघेना. २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. थेट विकलेल्या कॉफीचा भाव निदान समोरासमोर बसून ठरतो, एवढा फरक आहे.

पण ज्याच्याकडे एक-दोन एकरच आहे त्याने काय करायचं? याचं उत्तर आंध्रातल्या अराकू खोऱ्यात मिळतं. तिथल्या आदिवासींनी डोंगर जाळून करायची फिरती शेती सोडावी म्हणून सरकारने कॉफी लावायला दिली होती. नांदी फाउंडेशनच्या मदतीने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. फळं सगळ्यांनी एका जागी आणायची, धुणं-वाळवणं एकाच पद्धतीने, आणि दरवर्षी परदेशी जाणकारांना बोलावून चवीची परीक्षा. २०१७मध्ये या कॉफीचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं. २०१९मध्ये कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीबरोबर अराकूच्या अरेबिकालाही भौगोलिक मानांकन मिळालं.

आता आपल्या बाजूला या. खंडवा-धारणीवरून मेळघाटात उतरलं की चिखलदरा. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं ठिकाण ते हेच. इंग्रजांच्या वेळची लागवड, उंची अराकूसारखीच अकराशे मीटरच्या आसपास, भोवती कोरकूंची गावं. फिरायला गेलेले आपले लोक देवी पॉइंट बघतात, रबडी खातात, फार तर कॉफीचं पाकीट घेऊन येतात. पण कर्नाटकातल्या मळ्यांची नावं सांगणाऱ्या कॅफेत मी चिखलदऱ्याचं नाव कधी वाचलेलं नाही. तिथली लागवड थोडी आहे, हे एक कारण. पण अराकूतसुद्धा नुसती झाडं होती तोवर ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं. फळं एकत्र आणणारी संस्था, धुण्याची सोय आणि आगाऊ भाव ठरवणारा ग्राहक, हे झाल्यावर ते बदललं. चिखलदऱ्यात यातलं काय काय जमेल, हे तिथल्या कोरकूंबरोबर बसून कुणी तरी बघायला हवं. वऱ्हाडातली आणि इंदुरातली मराठी माणसं यात पडली तर मला आनंद होईल.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पाकिटावर मळ्याचं नाव असतं, मालकाचा फोटोही असतो. खुडणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसतं. कोडगूत आता आसाम-झारखंडकडून आलेली माणसं तोडणी करतात. लाल फळ निवडणारी बोटं त्यांची. तेव्हा कॅफेत गेलात की उंची आणि वास विचारण्याबरोबर शेतकऱ्याला किलोला काय दिलं आणि तोडणीचा काय दर होता, हेही विचारा. काउंटरवरच्या मुलाला बहुधा सांगता येणार नाही. पण दहा जणांनी विचारलं की तो मालकाला विचारेल.

मागच्या टेबलावर दोन थर्मास ठेवले आहेत. उजवीकडच्यात अराकूची कॉफी आहे, डावीकडच्यात व्याह्यांकडची. पहिला घोट बिनदुधाचा घ्या, नाही आवडला तर दूध-साखर शेजारीच आहे. जायफळ मात्र मी मुद्दाम आणलेलं नाही.