झाडू एकच, मालक कोण?

सकाळी तुमच्या रस्त्यावर दोन सफाई कामगार झाडताना दिसतात. झाडू तोच, कचराही तोच. परंतु एकाची हजेरी पालिकेच्या चौकीवर लागते, दुसऱ्याची ठेकेदाराच्या वहीत. हा भेद आला कोठून, याचा थोडा विचार करू.

ठेकेदारी जुनीच आहे. पण तिला धोरणाची प्रतिष्ठा मिळाली ती अलीकडे. इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर सक्ती झाली : कचरा उचलणे, इमारतींची सफाई, शाळांतील जेवण ही कामे निविदा मागवूनच द्यावीत. संस्थेच्या स्वतःच्या कामगारांनाही ठेकेदारांशी चढाओढ करावी लागली. चढाओढीने खर्च उतरेल, हा हिशेब. तो अगदीच खोटा होता असे नाही. पण झाडण्याच्या कामात मोठा खर्च मजुरीचाच. मग कमी दर भरणारा कात्री लावणार कुठे? एक तर माणसे कमी करील, नाही तर त्यांचा पगार नि रजा. पुढे 1999 च्या कायद्याने ही सक्ती उठली आणि खर्चाबरोबर कामाचा दर्जाही पाहावा असे ठरले.

मुंबईत तर चमत्कारिकच प्रकार झाला. महापालिकेचा कचरा उचलणारी काही माणसे संस्थांमार्फत घेतली गेली आणि कागदोपत्री ती ‘स्वयंसेवक’ ठरली! कामगारांच्या संघटनेने दाद मागितली. 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 कामगारांना कायम करण्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतरही नावातल्या एखाद्या अक्षराच्या तफावतीपायी कित्येकांचे काम रखडले.

तुम्ही म्हणाल, कायम नोकर कामचुकार होतात, त्याचे काय? तक्रार रास्त आहे. पण तिचे औषध देखरेख हे आहे. नोकरीच अधांतरी ठेवल्याने काम सुधारतेच असे नव्हे. शिवाय ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती चुकती करण्याची जबाबदारी कायद्याने पालिकेवरच येते. म्हणजे मालकी टाळता येत नाही, ती फक्त झाकता येते.

रस्ता रोज झाडावा लागतो, आणि तो कायमचाच झाडावा लागणार. मग काम कायमचे आणि माणूस तेवढा तात्पुरता, हे कसे? वॉर्डातला नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा ठेक्याचा दर तर विचाराच. पण त्या दरात झाडणाऱ्याच्या हाती काय पडते, हेही विचारा.