पुतळे कोणाचे आणि कोणासाठी?



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढे जे काही वाचले ते डेपोच्या कँटीनमध्ये आणि युनियनच्या कचेरीतल्या एका पुस्तकांच्या कपाटापुढे बसून. तीस वर्षे आम्ही बसकामगारांची संघटना करीत आलो. अशा माणसाने परदेशातल्या पुतळ्यांवर काय बोलावे, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात वावगे नाही. पण या पुतळ्याच्या गोष्टीत पुढे एक बस येते, आणि त्या बसमधून आम्ही या विषयात शिरलो.

२०२० सालच्या जून महिन्याची ७ तारीख. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात जमावाने एका पुतळ्याला दोर बांधून तो खाली ओढला, रस्त्यावरून गडगडत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलून दिला. दोन आठवडेही झाले नव्हते, अमेरिकेत मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस एका गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला होता. त्या संतापाची लाट ब्रिस्टलला पोहोचली आणि एडवर्ड कोलस्टनच्या पुतळ्यावर आदळली.

हा कोलस्टन कोण? जन्म १६३६, मृत्यू १७२१. मोठा व्यापारी आणि मोठा दानशूर. ब्रिस्टलमध्ये त्याने शाळांना पैसे दिले, वृद्धांसाठी निवारे बांधले. परंतु दानाचा पैसा आला कोठून? १६८० साली तो रॉयल आफ्रिकन कंपनीत शिरला आणि पुढे तिचा उपगव्हर्नर झाला. माणसे विकत घेऊन विकणे हा या कंपनीचा व्यापार. त्याचा कंपनीशी संबंध होता त्या वर्षांत सुमारे ८४ हजार आफ्रिकन स्त्री-पुरुष व मुले जहाजांत कोंबून समुद्रापार नेली गेली, आणि त्यांतली सुमारे १९ हजार वाटेतच मेली, असा हिशेब आहे. माणसांच्या अंगावर तापल्या लोखंडाने मालकाची खूण उठवीत, जशी आपल्याकडे गुरांना डागतात.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हा पुतळा कोलस्टनच्या काळात उभा राहिलेला नाही. तो उभारला १८९५ साली, म्हणजे त्याच्या मरणानंतर १७४ वर्षांनी. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्येच बंद केला होता आणि १८३३ मध्ये साम्राज्यातली गुलामगिरी उठविण्याचा कायदा केला होता. हा धंदा पाप आहे हे १८९५ च्या ब्रिस्टलकरांना ठाऊक होते. तरी चौथऱ्यावरच्या पाटीत त्याला नगरीचा अत्यंत सद्गुणी आणि शहाणा पुत्र म्हटले, आणि त्याच्या व्यापाराविषयी एक अक्षर लिहिले नाही. गंमत अशी, की पुतळ्यासाठी नागरिकांकडून वर्गणीही पुरेशी जमली नव्हती. वर्गणी गोळा करण्यात आमचा जन्म गेला, म्हणून हे आमच्या नजरेत भरले.

“पुतळा काढला तर इतिहास पुसला जातो,” असे म्हणणारी माणसे तिथे होती, इथेही आहेत. त्यांना आम्ही विचारतो, मग १८९५ च्या त्या पाटीने काय केले? इतिहास ग्रंथांत असतो, दप्तरखान्यात असतो, लोकांच्या तोंडी असतो. पुतळा म्हणजे मान. ज्यांच्या हाती चौक असतो ते तो मान देतात. आपल्या मुंबईत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली फोर्टातून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. त्याने इतिहास पुसला काय? पुतळा गेला तरी लोक त्या जागेला आजही काळा घोडाच म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुतळा काढायचा तर कायद्याने काढा, जमावाने दोर का लावावा? आम्ही संप केले आहेत, मोर्चे काढले आहेत, आणि मोर्चात दगड उचलणाऱ्या पोराचा हातही धरला आहे. तेव्हा दोराचे कौतुक आम्ही करणार नाही. पण मागणीपत्र वर्षानुवर्षे साहेबाच्या टेबलावर पडून राहिले की पुढे काय होते, हेही आम्ही पाहिले आहे. ब्रिस्टलमध्ये त्या पुतळ्याविरुद्ध १९९० नंतरच्या दशकापासून आवाज उठत होता. अखेर २०१८ साली ठरले, की निदान खरा तपशील सांगणारी दुसरी पाटी तरी लावावी. त्या पाटीच्या शब्दांवर इतकी ओढाताण झाली, धंद्याचा उल्लेख इतका सौम्य करण्यात आला, की २०१९ मध्ये महापौर मार्विन रीज यांनीच तो मजकूर नाकारला. त्यांचे वडील जमेकाचे. पाटी लागलीच नाही. त्यानंतर सव्वा वर्षाने दोर आला.

पुढची हकीकतही ऐका. चार दिवसांनी पुतळा पाण्यातून काढला. खटला भरलेल्या चौघांना जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने निर्दोष ठरविले. नगरीने लोकांचे मत मागविले. जवळजवळ १४ हजार लोकांनी ते दिले, आणि पाचांपैकी चौघे म्हणाले, पुतळा संग्रहालयात ठेवा. आज तो तेथे आडवा ठेवलेला आहे, अंगावरच्या रंगाच्या फराट्यांसकट. हेच लोकांना आधी विचारले असते तर?

आता आमच्या बसकडे येतो.

त्याच ब्रिस्टलमध्ये १९५५ साली बसकामगारांच्या युनियनने ठराव केला, की काळ्या माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेऊ नये. ठराव कामगारांनी केला, हे विसरू नका. पगार तुटपुंजा, ओव्हरटाइमवर घर चालायचे. नवी माणसे आली तर ओव्हरटाइम जाईल ही भीती. कंपनीला हे सोयीचेच होते. १९६३ मध्ये गाय बेली या अठरा वर्षांच्या तरुणाची मुलाखत ठरली होती. तो वेस्ट इंडीजचा आहे असे कळताच ती रद्द झाली. मग पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या जमेकन सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिने तो चालला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने बंदी उठविली. १७ सप्टेंबरला ब्रिस्टलच्या बसवर पहिला बिगरगोरा कंडक्टर चढला. त्याचे नाव रघबीरसिंग. आपल्याकडचा शीख माणूस!

हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा छाती फुगली, आणि लगेच मान खाली गेली. कारण ठराव करणारी युनियन होती. त्या युनियनच्या वारस संघटनेने २०१३ साली जाहीर माफी मागितली. पन्नास वर्षे लागली. आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्याने ओढलेला धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार! हा मज्जाव मालकांइतकाच सवर्ण कामगारांचा होता. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो पुष्कळांना अडचणीचा वाटला.

घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या कचेरीत अध्यक्षांच्या खुर्चीमागे एका जुन्या पुढाऱ्याची तसबीर होती. तुरुंगात गेलेला, कामगारांना बोनस मिळवून देणारा माणूस. एकदा सफाई खात्यातल्या एक बाई म्हणाल्या, “यांच्या काळात आम्हांला या कचेरीत पाण्याचा ग्लास वेगळा होता, दादा. तुम्ही यांना हार घालता तेव्हा आम्ही कुठे बघायचं?” आम्हांला उत्तर सुचले नाही. त्या ग्लासाची आठवण आम्हांलाही होती, पण तसबिरीशी तिचा संबंध आम्ही कधी लावला नव्हता. विषय सभेपुढे ठेवला. दोन सभा भांडणात गेल्या, दोघे जुने सभासद उठून गेले, ते अजून बोलत नाहीत. शेवटी मतदान झाले. तसबीर खुर्चीमागून काढून जुन्या कार्यकर्त्यांच्या ओळीत लावली. बोनसही खरा, ग्लासही खरा. दोन्ही सांगायचे असे ठरले.

आणि एक अवघड प्रश्न. घानामध्ये आक्रा येथील विद्यापीठात २०१६ साली आपले राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण केले. तिथल्या प्राध्यापकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींचे आरंभीचे लेखन पुढे केले. त्यात आफ्रिकनांविषयी हीन शब्द आहेत. २०१८ च्या डिसेंबरात पुतळा तिथून हलविला. आपल्याला ते लागले. कोलस्टनने माणसे विकली, गांधींनी पुढे उभा जन्म माणसे सोडविण्यात घालविला. दोघांना एका तागडीत घालणे अन्याय होईल. घानाच्या एन्क्रुमांनीही १९५० च्या चळवळीत गांधींचा मार्ग घेतला होता. पण चौक त्यांचा आहे. ब्रिस्टलसाठी टाळी वाजवायची आणि आक्रासाठी रागवायचे, हे आम्हांला जमत नाही. त्यांनी काय वाचले ते आपणही वाचावे, मग बोलावे.

सगळे पुतळे पाडा असे आम्ही म्हणत नाही. पुतळ्याखालून रोज जो कामावर जातो त्याला एकदा विचारा, आणि त्याने अर्ज दिला तर तो टेबलावर पडू देऊ नका. आणि पुतळा हलला म्हणजे काम झाले असेही समजू नका. रघबीरसिंग बसवर चढला तेव्हा कोलस्टन चौकात उभाच होता. कामाच्या यादीत नाव लागणे पहिले. त्यासाठी बहिष्कार घालणाऱ्यांनी पुतळा पडण्याची वाट पाहिली नाही.