उतारवय आणि श्रवण



सत्तरी ओलांडलेले आम्ही आज एक कबुली देण्यास उभे आहोत. गेली दोन वर्षे घरात आम्ही ‘हो, हो’ म्हणत असू, ते पुष्कळदा न ऐकताच. “आजोबांना हवे तेवढे बरे ऐकू येते!” हा टोमणा आम्हांस फार लागे, तो मात्र नेमका ऐकू येई. वस्तुतः उतारवयात अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी झिजतात आणि प्रथम उंच स्वर हरपतात. ‘स’, ‘श’ निसटतात. पुरुषांचे खर्जातले बोलणे उमगते. सुनेचे व नातवंडांचे नाही. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाही, केवळ कर्कश होतो. समोर बसून सावकाश बोलावे, एवढेच आमचे मागणे. आमचे मौन हा रुसवा नव्हता, लाज होती.

२०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, परंतु टाळता येण्याजोग्या १४ गोष्टींत श्रवणदोष गणला. ते वाचून आम्ही धास्तावलो व कानाचे यंत्र घेतले. पहिले आठ दिवस ताटवाट्यांचा खणखणाट असह्य झाला. नवव्या दिवशी धाकट्या नातीची कुजबुज कळली. ती आमचीच नक्कल करीत होती.