गाडी कोणाच्या नावावर, हप्ता कोणाच्या

आज आपण चारचाकीबद्दल बोलणार आहोत. लग्नाच्या मांडवात नाहीतर पारावर चार गाडीवाले जमले की वाद ठरलेला असतो. एक म्हणतो, "किती देते ते सांग. अ‍ॅव्हरेज नसेल तर गाडी काय कामाची?" दुसरा दारावर टिचकी मारून पत्रा किती जाड आहे ते दाखवतो. तिसऱ्याला विकताना किती येतील याचीच काळजी. तरण्या पोरांना पिकअप पाहिजे आणि छतावर खिडकी पाहिजे. आपण पंगतीत वाढत ऐकत असतो. हप्ता कोण भरणार, हा प्रश्न या वादात कोणी काढत नाही. म्हणून तो आज आपण काढू.

गाड्या तर आपल्याच जिल्ह्यात बनतात. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळायला लागल्या. पण गाडीसाठी आपल्या शहराचं नाव देशभर गाजलं ते ऑक्टोबर २०१० मध्ये. तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी १५१ मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या. सगळ्यांची मिळून किंमत साधारण ६५ कोटी रुपये. घेणारे होते उद्योजक, व्यापारी, डॉक्टर, बिल्डर. आपल्या शहरातही पैसा आहे, हे बाहेरच्यांना दिसावं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे त्यांच्या हिशेबात अ‍ॅव्हरेजही नव्हतं आणि पत्राही नव्हता, शहराची पत होती. कोणाला हसू येईल, पण पत हीसुद्धा गाडी घेण्याची एक खरी गरज असते. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी दारात गाडी असावी असं आपल्यालाही वाटतंच की.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्या गाड्यांसाठी स्टेट बँकेने सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज दिलं. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला तेव्हा याहून कितीतरी जास्त दर पडत होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आणि पुष्कळ चर्चा झाली. राग येण्यासारखंच आहे. पण एक बघा, त्या श्रीमंतांनी केलं काय? गटच केला! एकेकटे गेले नाहीत, दीडशे जण मिळून कंपनीशी आणि बँकेशी बोलले. बचत गटातल्या बाईला हे नवं नाही. दहा जणी मिळून बँकेत गेलं की साहेब खुर्ची देतात, एकटीला उद्या ये म्हणतात.

दराने किती फरक पडतो? पाच लाखांचं कर्ज, मुदत पाच वर्षं. सात टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण ९,९०० रुपये येतो, बारा टक्क्यांनी ११,१२२. पाच वर्षांत बारा टक्केवाल्याच्या खिशातून ७३ हजार जास्त जातात. गाडी तीच, रस्ता तोच. शोरूममध्ये चटईचे आणि सीट कव्हरचे पैसे कमी करायला आपण तासभर घासाघीस करतो आणि व्याजाच्या रकान्याखाली न वाचता सही करतो.

आता अवघड विषय. कितीतरी घरांत कर्ज बाईने गटातून उचललेलं असतं, शेळ्यांसाठी, पिठाच्या गिरणीसाठी, आणि त्यातून दारात गाडी उभी राहते. गाडी मालकाच्या नावावर, हप्ता बाईच्या नावावर. हप्ता थकला की गटाच्या बैठकीत मान खाली घालून बसते ती. पैसे तुमच्या कर्जाचे असतील, तर आरसीवर नाव तुमचं लागलं पाहिजे, हे शोरूमला जायच्या आधी घरात बोला. बुकिंग झाल्यावर कोणी ऐकत नाही. नाव लावलं तर लायसनही काढा, कारण मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा लायसन असलेल्या मालकालाच मिळतो.

नाव घरधन्याचंच असेल, तर २०२१ पासून आरसीवर वारस म्हणून नॉमिनी लावता येतो. तो लावून घ्या. धनी गेल्यावर गाडी वापरायची असेल तर ३० दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि तीन महिन्यांत नाव बदलायला अर्ज द्यावा लागतो. दुःखाच्या दिवसांत हे कोणाच्या ध्यानात राहतं? आणि कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. बँकेची एनओसी घेऊन ते कमी करून घ्यावं लागतं.

"गाडी भाड्याने लावू, हप्ता निघेल," असंही घरात सांगतात. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि परवाना लागतो. पांढऱ्या पाटीची गाडी वऱ्हाडाला दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते.

गाडी नकोच, असं आम्ही म्हणत नाही. रात्री पोराला ताप चढला, सासूबाईंना डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यायचं आहे, भाजी पहाटे मंडीत पोचवायची आहे, अशा घरात गाडी सोन्याची. पण महिन्यातून एकदा पैठणहून शहरात जायचं असेल, तर जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात. सहाशेच्या वर नुसतं पेट्रोल. एसटीत मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे.

आणि घ्यायचीच तर मागच्या सीटकडे बघा. तिथे आपण बसतो, पोरं बसतात. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाची सरकारी चाचणी सुरू झाली आहे. तिच्यात मोठ्यांच्या सुरक्षेचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे. विक्रेता मोठ्यांचे सांगतो, मुलांचे विचारून घ्यावे लागतात. मागच्या पट्ट्यांवर कव्हर चढवून त्या झाकू नका.

पुढच्या बैठकीला, ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आरसी, विम्याचा कागद आणि कर्जाचं पासबुक घेऊन यावं. एकेक कागद मिळून वाचू. चष्मा आणा, अक्षर फार बारीक असतं.