वकिलाची पाटी आणि वकिलाची वही



आम्ही काही वकील नाही. जो थोडा कायदा कळतो तो कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून कळला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली वकील द्यावयाचा तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागे. म्हणून पुष्कळदा युनियनचा माणूसच उभा राही. परंतु दिवाणी दाव्याला वकिलावाचून सामान्य माणसाचे चालत नाही. तेव्हा वकिलाकडे काम कसे येते आणि कसे आटते, हे आम्ही काम घेऊन जाणाऱ्याच्या बाजूने पाहिले आहे.

दुकानदाराला जाहिरात करता येते, वकिलाला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 36 वा नियम जाहिरात, परिपत्रक, दलाल सारे वर्ज्य ठरवतो. पाटीदेखील बेताची, आणि तिच्यावर अमक्या संघटनेशी संबंध असल्याचे लिहावयाचे नाही. 2008 साली संकेतस्थळावर नाव, पत्ता, अर्हता, कामाचे क्षेत्र देण्यापुरती सवलत मिळाली. ही बंदी आम्हांस योग्यच वाटते. इस्पितळात जखमी कामगाराच्या उशाशी वकीलपत्र घेऊन बसलेले दलाल आम्ही उठवून लावले आहेत.

मग नव्या वकिलाने करावे काय? बहुतेक जण हात रिकामे झाले की ओळखीपाळखी काढीत हिंडतात. दोन दावे मिळाले की ते बंद. सहा महिन्यांनी पुन्हा तोच फेरा.

आमच्या एका सभासदाचा खोलीचा दावा होता. तारखेला वकीलसाहेब हजर नाहीत, सभासदाला तारीखच ठाऊक नाही. दावा गैरहजेरीत निघाला. प्रतिवादी हजर असताना असा निघालेला दावा पुन्हा नव्याने लावता येत नाही; तोच पुनःस्थापित करून घ्यावा लागतो, आणि त्या अर्जाची मुदत 30 दिवस. आमच्या माणसाला कळले तिसऱ्या महिन्यात! मग विलंबमाफीसाठी धावाधाव. त्या वकिलांकडे आमच्या चाळीतून पुन्हा कोणी गेले नाही. कायद्याचे ज्ञान त्यांना कमी होते, असे मात्र नव्हे.

उलट एक तरुण वकील आम्हांस ठाऊक आहेत. तारीख झाली की त्याच संध्याकाळी अशिलाला निरोप: आज काय झाले, पुढची तारीख कोणती, कोणता कागद आणावा. पूर्वी पोस्टकार्ड, आता मोबाईलवर दोन ओळी. दावा हरला तरी निरोप जातोच, आणि आमच्या मते तोच खरा कठीण निरोप. शनिवारी अर्धा तास ते वही उघडतात. कोणते काम कोणाच्या सांगण्यावरून आले, हे तीत लिहिलेले. सांगणाऱ्याला आभाराचा शब्द जातो. फीमधला वाटा नाही, तो बिगरवकिलाला देताच येत नाही. निकाल लागून गेलेल्या दोन जुन्या अशिलांची विचारपूस होते. "काम द्या" असा शब्द नाही.

दहा दावे हाती असताही त्यांची शनिवारची वही चुकत नाही. परवा आम्ही ती पाहिली. चालू वर्षाच्या पानांवर निम्म्याहून अधिक नावांपुढे जुन्या अशिलांचीच नावे होती, आणि त्यांतले दोघे दावा हरलेले.